मजकुरातला आकडा: दमास्कसपासून सी भाषेपर्यंत

हिजरी ८२७ मध्ये, म्हणजे इ.स. १४२४ साली, समरकंदमध्ये गियासुद्दीन जमशीद अल-काशी या गणितज्ञाने ‘अर-रिसाला अल-मुहीतिय्या’ ही पुस्तिका पूर्ण केली. (काशी म्हणजे आपली वाराणसी नव्हे, तो इराणातल्या काशान गावचा.) मुहीत म्हणजे परीघ. वर्तुळाचा परीघ त्याच्या त्रिज्येच्या किती पट असतो, एवढा एकच प्रश्न या पुस्तिकेत आहे. त्याचं उत्तर अल-काशीने आधी साठाच्या हिशेबात काढलं आणि मग दहाच्या हिशेबात लिहून दिलं: ६.२८३१८५३०७१७९५८६५. दशांशानंतर सोळा घरं, आणि सगळी बरोबर. जगात कोणालाही याच्या पुढे जायला पावणेदोनशे वर्षं लागली.

आता हीच अक्षरं सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रामला द्या. सी मध्ये मजकुरातून आकडा बनवणारं स्ट्रटूडी नावाचं फंक्शन आहे. स्ट्रिंग टू डबल, म्हणजे अक्षरांच्या माळेतून ‘डबल’ जातीचा आकडा. ते अल-काशीचे अंक वाचतं आणि संगणकाच्या स्मृतीत जो आकडा ठेवतं तो असा: ६.२८३१८५३०७१७९५८६२३१९९५९... अल-काशीच्या ऐवजी आजचं, शंभर घरांपर्यंत बरोबर असलेलं मूल्य दिलं तरी स्मृतीत हाच आकडा बसतो, एका बिटाचाही फरक पडत नाही. म्हणजे आज विमानांपासून हवामानाच्या अंदाजांपर्यंत बहुतेक गणितं ज्या अचूकतेवर चालतात, ती सहाशे वर्षांपूर्वी समरकंदमध्ये हाताने गाठली गेली होती. खरं सांगायचं तर थोडी जास्तच गाठली होती. खऱ्या मूल्यापासून अल-काशीचा आकडा जितका दूर आहे, त्याच्या दहापट दूर संगणकाचा आकडा आहे.

आपल्याकडे अशी तुलना वाचली की लगेच दोन प्रकारचे लोक उभे राहतात. एकाला वाटतं, सगळं आपणच शोधलं. दुसऱ्याला वाटतं, यांनी काहीच शोधलं नाही, सगळं आमच्याकडून नेलं. दोघांनाही हिशेबाशी काही घेणंदेणं नसतं. म्हणून आधी हिशेबच पाहू.

कीबोर्डवर आपण ०.१ टाइप करतो तेव्हा संगणकाला आकडा मिळत नाही. त्याला तीन अक्षरं मिळतात: शून्य, टिंब, एक. या अक्षरांचं मोल काढणं हे वेगळं काम आहे. पूर्णांक असेल तर ते सोपं असतं. पण अपूर्णांक आला की अडचण होते, कारण आपण दहाच्या पद्धतीने लिहितो आणि यंत्र दोनच्या पद्धतीने साठवतं.

शाळेत आपण शिकलो की १/४ चं दशांश रूप खंडित आहे, ०.२५, आणि १/३ चं अखंड आवर्ती आहे, ०.३३३... कारण दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. छेदात याखेरीज दुसरा मूळ अवयव आला की दशांश संपत नाही. द्विमान पद्धतीत तर मूळ अवयव एकच, दोन. त्यामुळे आपला साधा एक दशांश, १/१०, तिथे कधीच संपत नाही. छेदातला पाच आडवा येतो. ०.०००११००११००११... असा तो चालतच राहतो. डबलमध्ये ५३ बिटांची जागा असते, तिथे त्याला तोडावं लागतं. म्हणून तुम्ही ०.१ लिहिता आणि यंत्र ०.१०००००००००००००००५५५१... असं काहीतरी ठेवतं. जकातीचा अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा भाग, हाही याच कारणाने द्विमानात संपत नाही.

हा फरक किती क्षुल्लक आहे असं वाटू शकतं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत होतं, आणि तो दशांश २४ बिटांत तोडून ठेवलेला होता. शंभर तासांत त्या तोडण्याचा साठा सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा झाला. तेवढ्या वेळात इराकी स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी पाहिलं आणि स्कड बराकीवर पडलं. २८ अमेरिकी सैनिक मेले. ही चूक मजकूर वाचण्यातली नव्हती, पण मूळ एकच आहे: दहातला एक दोनच्या पद्धतीत मावत नाही.

अल-काशीपुढे अडचण हीच होती, फक्त पाया वेगळा. खगोलशास्त्र्यांचा हिशेब बाबिलोनच्या काळापासून साठाच्या पायावर चालत आला होता. तासाची साठ मिनिटं आणि अंशाच्या साठ कला ही त्याचीच शिल्लक. साठाचे मूळ अवयव दोन, तीन आणि पाच. त्यामुळे दशांशातून साठाकडे जाताना सगळं नीट संपतं, पण साठाकडून दहाकडे येताना तीन आडवा येतो. १/६० दशांशात लिहायला गेलात तर ०.०१६६६... असं चालतच राहतं. तेव्हा कुठे थांबायचं, आणि थांबल्यावर झालेली चूक किती मोठी आहे, हे ठरवावंच लागतं.

अल-काशीचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याने आकडेमोड सुरू करण्याआधी चूक किती चालेल ते ठरवलं. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यासाचं वर्तुळ कल्पावं, आणि त्याच्या परिघात घोड्याच्या केसाच्या जाडीएवढाही फरक पडू नये. ही अट आधी, मग गणित. या अटीवरून त्याने काढलं की साठाच्या पद्धतीत नऊ घरं लागतील. ती मिळवायला वर्तुळात ८०,५३,०६,३६८ बाजूंची बहुभुजाकृती बसवावी लागेल. म्हणजे एका त्रिकोणापासून सुरुवात करून अठ्ठावीस वेळा बाजू दुप्पट करायच्या, आणि दर वेळी एक वर्गमूळ काढायचं. प्रत्येक वर्गमूळ किती घरांपर्यंत काढायचं तेही आधीच ठरवलं, म्हणजे मधल्या टप्प्यांतल्या तोडण्यामुळे शेवटचं घर बिघडू नये. आजच्या संगणकशास्त्रात याला चुकीचं विश्लेषण म्हणतात आणि त्यावर जाड पुस्तकं आहेत. पुढे १४२७ साली उलुग बेगला अर्पण केलेल्या ‘मिफ्ताह अल-हिसाब’ या ग्रंथात त्याने दशांश अपूर्णांकांचं आणि साठाच्या अपूर्णांकांतून दशांशात जाण्या-येण्याचं गणित नीट मांडलं. १४२९ साली तो समरकंदमध्येच वारला.

बराच काळ पुस्तकांत असं लिहिलेलं असे की दशांश अपूर्णांक अल-काशीने शोधले. पॉल लुकी या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्याला त्याचं काम युरोपापुढे आणलं, त्यामुळे हे मत रूढ झालं. मग अहमद सईदान या अभ्यासकाने इस्तंबूलमधलं एक जुनं हस्तलिखित संपादित केलं, आणि तारीख एकदम पावणेपाचशे वर्षं मागे गेली.

ते पुस्तक म्हणजे ‘किताब अल-फुसूल फी अल-हिसाब अल-हिंदी’. दमास्कसमध्ये हिजरी ३४१ साली, म्हणजे इ.स. ९५२-५३ मध्ये, अबुल हसन अल-उक्लीदिसी याने ते लिहिलं. युक्लिडच्या पुस्तकाशी संबंध असणारा तो उक्लीदिसी. बहुधा त्या ग्रंथाच्या नकला करून विकण्याच्या व्यवसायातून हे नाव आलं असावं. त्याला एक गोष्ट मनापासून खुपत होती. भारतीय पद्धतीचा हिशेब तेव्हा धूळपाटीवर करत. अंक लिहायचे, पुसायचे, सरकवायचे. रस्त्यावर ज्योतिष सांगून पोट भरणाऱ्यांच्या हातात ही धूळपाटी दिसते म्हणून भल्या माणसांना ती हातात धरायची लाज वाटते, असं तो म्हणतो आणि शाई-कागदावर हाच हिशेब न पुसता कसा करायचा ते शिकवतो. मला हा माणूस आवडतो. त्याच्या गणिताला बाजाराचा वास आहे.

या पुस्तकात तो १९ ची पाच वेळा निम्मी करतो. साडेनऊ, पावणेपाच, मग २.३७५, मग १.१८७५, आणि शेवटी ०.५९३७५. एकक स्थानाच्या डोक्यावर तो एक छोटीशी खूण करतो: इथे पूर्णांक संपला, पुढे दहावे, शंभरावे, हजारावे भाग. ही खूण म्हणजे आपल्या दशांश चिन्हाची आजीच.

संगणकाच्या दृष्टीने पाहिलं तर हे उदाहरण विलक्षण आहे. पाच वेळा निम्मं म्हणजे १९/३२. छेदात फक्त दोनच आहेत. द्विमानात १९ म्हणजे १००११, आणि १९/३२ म्हणजे ०.१००११. एकही बिट तोडायला लागत नाही. आणि उलट दिशेने पाहिलं तर द्विमानातला अपूर्णांक दशांशात लिहायचा म्हणजे नेमकं हेच करावं लागतं: दर निम्म्याला एक दशांश घर वाढत जातं आणि शेवटी पाच येतो. म्हणूनच वर संगणकाचा आकडा मी अर्धवट टिंबं देऊन सोडला. तो संपतो, पण बराच पुढे जाऊन. स्मृतीतला आकडा छापण्याचं गणित अल-उक्लीदिसीच्या पानावर आहे. वाचण्याचं गणित मात्र त्याहून अवघड.

त्याच्यानंतर १२ व्या शतकात अस-समौअल (हा जन्माने ज्यू, पुढे मुसलमान झालेला) भागाकार न संपल्यास दशांशात हवी तितकी घरं काढत जावीत हे सांगतो. २१० भागिले १३ चं उत्तर तो पाच घरांपर्यंत देतो, १६.१५३८४. म्हणजे दशांश अपूर्णांक हे ‘जवळचं उत्तर’ आहे आणि जवळीक आपल्या हातात आहे, ही कल्पना तिथे स्पष्ट झाली.

आता श्रेयाबद्दल. यांतल्या काही पुस्तकांच्या नावांतच ‘हिसाब अल-हिंदी’ आहे. अल-उक्लीदिसीच्या पुस्तकाच्या नावात आहे, अस-समौअलच्या १९७२ मध्ये नव्हे, ११७२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही आहे. (ही आठ शतकं अधोरेखित करायला मुद्दाम लिहिलं.) अल-ख्वारिज्मीने ९ व्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये भारतीय अंकांवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं अरबी मूळ हरवलं, पण लॅटिन भाषांतर उरलं. तिथेही अंक भारतीयांचे आहेत हे सांगितलेलं आहे, आणि त्या भाषांतरातल्या त्याच्या नावाच्या रूपावरून अल्गोरिदम शब्द आला. या लोकांनी काय घेतलं ते शीर्षकातच छापलं आणि काय वाढवलं ते आत लिहिलं. शून्य आणि स्थानमूल्य त्यांनी घेतलं. एककाच्या उजवीकडे तीच पद्धत चालू ठेवणं हे त्यांनी वाढवलं. भारतीय ग्रंथांत अपूर्णांक अंश-छेद मांडून किंवा खगोलात साठाच्या भागांनी लिहिले जात. पण चीनमध्ये दहाव्या-शंभराव्या भागांची मापं लिऊ हुईच्या काळापासून, म्हणजे ३ ऱ्या शतकापासून, गणितात वापरात होती. तेव्हा ‘मुसलमानांनी दशांश शोधले’ हे वाक्यही व्हॉट्सअपवर पाठवण्याजोगं नाही. आणि अल-काशीच्या थोडं आधी केरळात संगमग्रामच्या माधवाने अनंत श्रेढीच्या वाटेने परिघ-व्यासाचं गुणोत्तर अकरा अंकांपर्यंत बरोबर आणलं होतं. वाट पूर्णपणे वेगळी, आणि गणिती सौंदर्यात ती अल-काशीच्या वाटेपेक्षा सरस आहे असं माझं मत.

युरोपात दशांशाला घरोघर पोचवलं ते सिमोन स्टेविनच्या १५८५ च्या डच पुस्तिकेने. त्याची लिहायची रीत अवजड होती, प्रत्येक अंकापुढे वर्तुळात घराचा क्रमांक. टिंब आणि स्वल्पविराम नंतर आले, आणि कोणत्या देशाने कोणता घ्यायचा यावर एकमत झालं नाही. त्या बेबनावाची किंमत प्रोग्रामर आजही मोजतात, त्याकडे येतोच.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिचं प्रसिद्ध पुस्तक, कर्निहन आणि रिची यांचं, १९७८ साली आलं. त्यात मजकुरातून दशांश वाचणारं एक छोटं फंक्शन उदाहरण म्हणून दिलं आहे, एटूएफ. त्याची रीत कोणत्याही बाराखडी शिकलेल्या मुलाला कळेल. डावीकडून अंक घेत जा. हाताशी असलेल्या संख्येला दहाने गुणा, नवा अंक मिळवा. टिंब आलं की पुढच्या प्रत्येक अंकागणिक दहाचा एक घात वेगळा मोजा. शेवटी भागा. ३.१४ वाचताना ३, मग ३१, मग ३१४, आणि शेवटी ३१४ भागिले १००. स्थानमूल्याची व्याख्याच प्रोग्राममध्ये उतरवली आहे.

लहान आकड्यांना ही रीत अगदी बरोबर उत्तर देते. ३१४ आणि १०० दोन्ही डबलमध्ये नेमके बसतात, राउंड होणं घडतं ते एकदाच, शेवटच्या भागाकारात. पण डबलमध्ये सगळे पूर्णांक नेमके बसतात ते ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत, म्हणजे दोनाच्या ५३ व्या घातापर्यंत. अल-काशीचा आकडा सतरा अंकी; टिंब काढून वाचला तर तो या मर्यादेच्या पलीकडे जातो आणि वाटेतच एकदा राउंड होतो, मग भागाकारात दुसऱ्यांदा. या आकड्यात ते निभावतं, पण सगळ्याच आकड्यांत निभावेल याची हमी नाही. दोनदा राउंड केलेला आकडा खऱ्या शेजाऱ्याऐवजी पलीकडच्या शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. घात मोठा असला, दहाचा उणे तीनशेवा घात वगैरे, तर चुका साठत जातात.

एटूएफला आणखी एक खोड आहे. त्याला ‘आंबा’ दिलं तरी ते शून्य परत करतं आणि ‘०’ दिलं तरी शून्यच. अर्ज भरताना कोणी पगाराच्या जागी ‘माहीत नाही’ लिहिलं तर यंत्राच्या लेखी त्याचा पगार शून्य. १९८९ च्या प्रमाण सी मध्ये आलेलं स्ट्रटूडी हे सांगतं की कुठपर्यंतची अक्षरं आकडा म्हणून वाचली गेली. पहिल्याच अक्षराला अडलं असेल तर ते कळतं. तपासायचं काम मात्र प्रोग्रामरचं, आणि बरेच जण तपासत नाहीत.

मग नेमकं सर्वांत जवळचं डबल शोधणं इतकं अवघड का? डबल आकडे संख्यारेषेवर ठरावीक थांब्यांसारखे असतात. लिहिलेला आकडा दोन थांब्यांच्या मधे पडला तर जवळचा कोणता ते सांगायचं. बहुतेक वेळा ते उघड असतं. पण कधी लिहिलेला आकडा दोघांच्या बरोबर मध्याजवळ पडतो. मध्याच्या किंचित अलीकडे की किंचित पलीकडे, हे ठरवायला शेवटचा अंक वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं. डबलच्या बाबतीत असे मध्यबिंदू आहेत की ते दशांशात नेमके लिहायला साडेसातशेहून जास्त अंक लागतात. साडेसातशे अंक जुळले आणि पुढे कुठेतरी एक १ दडला असेल, तर उत्तर बदलतं.

१९८५ साली फ्लोटिंग पॉइंटचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, विल्यम काहन हे त्यामागचं मुख्य डोकं. बेरीज, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ यांत प्रत्येक उत्तर नेमकं राउंड झालेलं हवं अशी कडक अट त्यांनी घातली. मजकूर वाचण्याच्या बाबतीत मात्र अट सैल ठेवली: मधल्या पट्ट्यातल्या आकड्यांसाठी नेमकं, त्याबाहेर थोडी चूक माफ. परवडेल अशा वेगात सगळीकडे नेमकेपणा जमेल याची खात्री तेव्हा नव्हती. म्हणजे गणित शुद्ध, पण गणितात शिरणारा आकडाच दारात थोडा चेपला जाणार. एकच मजकूर दोन यंत्रांवर दोन वेगळे आकडे होऊ शकत होता.

१९९० साली हे कोडं सुटलं. विल्यम क्लिंजर यांनी दाखवलं की ठरावीक अचूकतेचं गणित वापरून सगळे आकडे बरोबर वाचता येणारच नाहीत. काही थोड्या आकड्यांसाठी हवे तितके अंक धरणारं मोठ्या पूर्णांकांचं गणित लागतंच. पण ते फक्त त्या थोड्यांसाठी लावावं, बाकीचे झटपट रीतीने काढावेत. त्याच वर्षी बेल लॅब्सच्या डेव्हिड गे यांनी ही कल्पना सुधारून सी मध्ये प्रत्यक्ष लिहिली आणि कोणालाही वापरायला खुली केली. आधी एक अंदाज काढायचा, मोठ्या पूर्णांकांनी अंदाज आणि मूळ यांतला फरक तपासायचा, अंदाज सुधारायचा, पुन्हा तपासायचा. अल-काशी वर्गमूळं काढून झाल्यावर उलट ताळा करून पाहत असे, त्याच जातीची ही शिस्त. गे यांचा हा कोड पुढची तीस वर्षं असंख्य प्रणालींच्या पोटात राहिला. पायथन भाषाही तोच वापरते.

या शिस्तीतही कसा घात होतो ते जानेवारी २०११ मध्ये दिसलं. पीएचपी ही वेबसाइटची भाषा गे यांच्या कोडवर बेतलेलं फंक्शन वापरत होती. कोणी २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात हा आकडा मजकूर म्हणून दिला की ३२ बिटी यंत्रांवर प्रोग्राम कायमचा अडकायचा. हा आकडा डबलमधल्या सर्वांत लहान पूर्ण वजनाच्या आकड्याच्या अगदी खाली आहे. इंटेलच्या जुन्या गणिती भागात आकडे ८० बिटांत धरले जात आणि स्मृतीत जाताना ६४ बिटांत यायचे. त्यामुळे सुधारलेला अंदाज मूळ जागीच परत येई, आणि ‘तपासा, सुधारा’ हे चक्र कधी संपत नसे. कोणत्याही वेबसाइटच्या फॉर्ममध्ये हे एवढे अंक टाकून सर्व्हर गोठवता येत होता. दुरुस्ती काही दिवसांत आली, एका शब्दाची: हा चल दर वेळी स्मृतीत लिहूनच वाच. पुढच्याच महिन्यात जावा भाषेत, शेवटचा अंक १ ऐवजी २ असलेल्या आकड्यावर, तसाच कायमचा फेरा सापडला आणि ओरॅकलला तातडीने दुरुस्ती काढावी लागली.

२०२१ मध्ये डॅनियल लेमिर यांनी मायकल आइसेल यांच्या कल्पनेवर आधारलेली रीत प्रसिद्ध केली. पाचाच्या घातांचा एक तक्ता आधीच तयार ठेवायचा, १२८ बिटांचा गुणाकार करायचा, आणि जवळजवळ सगळे आकडे बरोबर सुटतात. उरलेल्या दुर्मीळ आकड्यांना जुना लांबचा रस्ता. सेकंदाला एक अब्ज अक्षरं वाचण्याचा वेग यातून मिळतो. गो आणि रस्ट या भाषांनी ती लगेच उचलली. तयार तक्ते पुढ्यात घेऊन बसण्याची युक्ती समरकंदच्या वेधशाळेत कोणाला नवी वाटली नसती.

आता टिंबाचं. स्ट्रटूडी दशांश चिन्ह कोणतं मानायचं ते ‘लोकेल’ म्हणजे देश-भाषेच्या सेटिंगवरून ठरवतं. प्रोग्रामने जर्मन सेटिंग लावलं की ३.१४ या मजकुरातून त्याला फक्त ३ मिळतो. टिंबापाशी ते थांबतं, कारण जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम. अरबी लिपीत दशांशाचं चिन्ह आणखी वेगळं, युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे.

आणि अंक? ज्या अंकपद्धतीची ही सगळी गोष्ट आहे, तिचे आपले देवनागरी अंक सी ला कळत नाहीत. स्ट्रटूडीला ‘२.५’ द्या, ते पहिल्याच अक्षराला अडून शून्य देतं. त्याच्या लेखी २ हा अंक म्हणजे तीन अनोळखी बाइट. उर्दू आणि अरबी अंकांचीही तीच गत, तिथे दोन बाइट. अंक भारतातून बगदादला, तिथून उत्तर आफ्रिका आणि स्पेनमार्गे युरोपला गेले, त्यातल्या शेवटच्या मुक्कामाचं रूप तेवढं सी ने घेतलं. पायथन अधिक उदार आहे. तिथे देवनागरी ‘२.५’ सरळ अडीच होतात, फक्त टिंब मात्र युरोपीयच लागतं. मराठीत फॉर्म बनवणाऱ्याने अंक आधी बदलून मगच सी कडे द्यावेत. नाहीतर कोणी हौसेने मराठीत रक्कम लिहील आणि ती शून्य म्हणून नोंदली जाईल.

आपल्या घरात जिथे हा प्रश्न खरोखर येतो ती जागा म्हणजे मीरास, वारसाहक्काची वाटणी. अल-ख्वारिज्मीच्या बीजगणिताच्या पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग मृत्युपत्र आणि वाटणीच्या गणितांचा आहे, हे फार जणांना माहीत नसतं. कुरआनात सांगितलेले हिस्से अर्धा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि सहावा. तीन छेदात असलेला एकही हिस्सा दशांशात संपत नाही, द्विमानात तर नाहीच. फिक्हच्या जुन्या उलेमांनी यासाठी दशांश वापरलेच नाहीत. त्यांनी छेद सामाईक केला, उदाहरणार्थ २४, आणि सगळे हिस्से पूर्णांकात मांडले.

पत्नी, दोन मुली, आई आणि वडील मागे राहिले असं समजा. २४ पैकी पत्नीला ३, मुलींना मिळून १६, आई-वडिलांना चार-चार. बेरीज २७ होते, २४ नाही. सुन्नी फिक्हमध्ये याला औल म्हणतात: छेदच २७ करायचा, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा सारख्या प्रमाणात कमी होतो आणि पत्नीचा आठवा हिस्सा नववा होतो. परंपरेने हा निवाडा हजरत अलींशी जोडलेला आहे. मिंबरवर असताना विचारलं गेलं आणि त्यांनी तिथेच उत्तर दिलं, म्हणून याला मिंबरिय्या म्हणतात. जाफरी फिक्ह औल मानत नाही.

मालमत्ता २७ लाखांची असेल तर पत्नीला ३ लाख, प्रत्येक मुलीला ८, आई आणि वडिलांना चार-चार. आता हेच हिस्से कोणी ॲपमध्ये दशांशात लिहून ठेवले, चार घरांपर्यंत: ०.११११, ०.५९२६, ०.१४८१, ०.१४८१. स्ट्रटूडी कितीही अचूक असू दे, तो लिहिलेलंच वाचणार. यांची बेरीज ०.९९९९ होते, आणि २७ लाखांपैकी २७० रुपये कोणाच्याच नावावर जात नाहीत. असं ॲप लिहिणाऱ्याने हिस्सा ३ आणि छेद २७ असे दोन पूर्णांक साठवावेत, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी, भागाकार अगदी शेवटी करावा, आणि उरलेले एक-दोन पैसे कोणाला द्यायचे ते वारसांना विचारावं.